ग्रामसभेत कुवेतची भाषा

पैज लागली ती माझ्या आगाऊपणामुळं, हे आधीच सांगून टाकतो. नायतर बायको सांगणारच हाय, त्यापेक्षा मी सांगितलेलं बरं.

दोन हजार तीन सालचा एप्रिल संपत आला होता. दुपारचे चार वाजले असतील. मी दारातल्या नळाला पाइप लावून माझ्या मिनीडोरला आंघोळ घालत होतो. वीर स्टेशनवर मुंबईकर उतरायला लागले होते, आणि गाडी चकचकीत असली की पाशिंजर आपल्याकडं आधी वळतं. पाणी रस्त्यानं वाहत खाली चाललं होतं आणि मी शीळ घालत टायर घासत होतो.

मागनं कुणीतरी ओरडलं, "सक्कर अल-माय!"

मी नळ बंद केला.

काय बोललं, कोण बोललं, काय पण कळायच्या आत माझा हात नळावर गेलेला. वळून बघतो तर मंजुळावयनी. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी, आणि डोळे असे की मी पाइप पण गुंडाळून ठेवला.

मंजुळावयनी वरच्या बौद्धवाडीतली. तिचा नवरा सोमा माझ्या वर्गातला, महाडच्या एमआयडीसीत शिफ्टला जातो. वयनी नऊ वर्षं कुवेतला एका घरात पोरं सांभाळायला होती. आदल्या दिवाळीत कायमची परत आली.

"काय बोललात ओ वयनी?"

"नळ बंद कर बोलले. अरबीत."

"मग मराठीत सांगायचं ना."

"गेल्या आठवड्यात मराठीत दोनदा सांगितलं. केलंत बंद?"

नव्हता केला. मी टायरकडं बघितलं.

शेजारच्या ओट्यावर पेपर खाली आला आणि त्याच्या मागनं चिंतामणी काकांचा चष्मा वर आला. काका महाडच्या कोर्टात एकतीस वर्षं कारकून होते. रिटायर होऊन गावी आले ते कोर्ट बरोबर घेऊनच. कुणाची म्हैस कुणाच्या परड्यात शिरली तरी आमच्या शेवरकोंडात आधी कलम निघतं, मग म्हैस. मला ते फार आवडतात, कारण त्यांची मस्करी करायला मजा येते. एकदा आमच्या कोंबड्याच्या नावानं मी त्यांना नोटीस पाठवली होती, पहाटे आरवण्याच्या हक्काबद्दल. दोन दिवस बसून त्यांनी उत्तराचा मसुदा केला होता.

"मंजुळाबाई," काका बोलले, "असं सार्वजनिक रस्त्यावर परदेशी भाषेत ओरडता येत नाही."

"का ओ काका?"

"कायदा आहे."

"कंचा?" मी विचारलं.

"मोऱ्या, तू गाडी धू. रस्त्यावर एक वेळ सोडून देतील. पण सरकारी ठिकाणी, सभेत, ग्रामसभेत? साफ मनाई. राजभाषा अधिनियम, एकोणीसशे चौसष्ट. मराठी म्हणजे मराठी."

ग्रामसभा म्हटल्यावर वयनीनं हंडा आमच्या पायरीवर ठेवला.

"काका, सव्वीस जानेवारीला मी ग्रामसभेत तीनदा उभी राहिले. मराठीतच बोलत होते. तीनदा सरपंच बोलले, 'कळलं गो बाय, बस.' कळलं तर मग सभेच्या पुस्तकात का नाय लिहिलं?"

काकांनी पेपराचं पान उलटलं.

तर दुखणं असं. नळाची पाइपलाइन गावात आली, दारोदार आली, मारुतीच्या देवळापर्यंत गेली आणि तिथंच थांबली. वाडी देवळाच्या वर, चढावर. वाडीच्या बाया देवळाजवळच्या नळावर भरतात आणि डोक्यावर वर नेतात. मागच्या मेमध्ये वयनीची सासू साळूबाई त्या चढावर हंड्यासकट घसरली, मनगट मोडलं, ते वाकडंच बसलं. आता पाइपलाइन वाढवायचा आराखडा पोलादपूरच्या पंचायत समितीत जायचा होता, मे महिन्याच्या मध्यावर. एक मेच्या ग्रामसभेच्या पुस्तकात वाडीचं नाव आलं तर आराखड्यात जाणार. नाय आलं तर मग पुढचा आराखडा कधी, ते मारुतीलाच ठाऊक.

"परवा परत उभी राहीन," वयनी बोलली, "आणि परत बसवतील."

माझ्या डोक्यात तवा घंटा वाजली. मी एक शब्द कळला नसताना नळ बंद केला होता. म्हणजे बघा.

"वयनी, तुम्ही अरबीत बोला."

"कुठं?"

"ग्रामसभेत. मराठीत बोललात की सरपंचाला दुसऱ्या शब्दालाच कळतं तुमचं काय ते, आणि तो बसवतो. अरबीत बोललात तर शेवट कधी आला तेच त्याला कळणार नाय. मधी बोलेल कसा?"

"अशक्य," काका बोलले. "तिथल्या तिथे खाली बसवतील. कायद्यानं."

"नाय बसवू शकत."

"बसवतील."

"लावता पैज?"

माझ्या बायकोनं, रखमानं, खिडकीतनं डोकं बाहेर काढलं. "अवो, परत पैज? मागच्या पैजेत मिशी गेली, आता काय ठेवलंय काढायला?"

काकांनी पेपराची घडी घातली. पैजेच्या अटी त्यांनीच सांगितल्या, एकेक बोट मोडत, कारण अटी सांगायला मिळाल्या की त्यांचं रक्त खेळतं. मंजुळाबाईंनी ग्रामसभेत आपलं म्हणणं पहिल्यापासून शेवटपर्यंत अरबीत मांडायचं. मराठी शब्द नको. तसं झालं तर मोऱ्या जिंकला. त्यांना बसवलं, किंवा त्या मराठीवर आल्या, तर काका जिंकले.

"आणि हरेल त्यानं काय द्यायचं?" काकांनी विचारलं.

मी म्हटलं कोंबडी. काका म्हणाले शाकाहारी. मी म्हटलं मग तुमच्याकडनं मी घेतो. त्यावर वयनीच बोलली.

"कोंबडी नको नि काय नको. हरेल त्यानं देवळाच्या नळावर एक हंडा भरायचा आणि डोक्यावर घेऊन माझ्या दारात आणून द्यायचा. दिवसाढवळ्या, सगळ्यांसमोर. कोण पण हरा, माझी एक खेप वाचली."

"चार पावलांचं तर काम," मी बोललो.

हे वाक्य रखमाच्या पक्कं ध्यानात राहिलं.

*

एक मेला शाळेत झेंडा झाला, पोरांनी महाराष्ट्राचा जयजयकार केला, आणि शाळेच्या व्हरांड्यातच ग्रामसभा बसली. बसली म्हणजे पस्तीस-चाळीस माणसं खाली, आणि टेबलामागं खुर्चीवर सरपंच धोंडूशेठ. धोंडूशेठ मुंबईत बावीस वर्षं राहून आलेला, त्यामुळं त्याचं सभेतलं बोलणं निम्मं इंग्रजीत. बाजूला ग्रामसेवक भाऊसाहेब, पुढ्यात प्रोसिडिंगचं लाल कापडी पुस्तक. पुस्तक मिटलेलं, पेनाला टोपण.

आणि त्या दिवशी एक खुर्ची जास्त होती. पंचायत समितीतनं नव्या विस्तार अधिकारी आल्या होत्या, अनुपमा मॅडम. आधीचे साहेब सभेला यायचे नाहीत, त्यांची सही यायची. ह्या स्वतः आल्या म्हणून भाऊसाहेबांना सकाळपासून घाम फुटलेला. मला वाटलं, उन्हाळा हाय.

"प्लीज सायलेन्स," धोंडूशेठ बोलला. "आज महाराष्ट्र दिन. मिटिंग शॉर्टमध्ये उरकू. कुणाला काय सजेशन?"

मंजुळावयनी उभी राहिली. पदर खोचला. धोंडूशेठनं हात वर केला, "कळलं गो बा..."

"यल्ला, गूम!" वयनी कडाडली. "गूम, गूम! इगसिल ईदक!"

धोंडूशेठचा हात वरच राहिला.

वयनी सुटली. आवाज चढा, बोट टेबलाकडं, मधीच कमरेवर हात. "इश्रब हलीब! कुल्ला! ला तसरख!" एकदा तिनं भाऊसाहेबांकडं बघून असं काय विचारलं की ते बिचारे "हो हो" म्हणाले. मागं बसलेला एक म्हातारा मान डोलवायला लागला. दोन मिनिटं झाली, तीन झाली. सव्वीस जानेवारीला हीच बाई तीन वाक्यं बोलू शकली नव्हती, आणि आता व्हरांड्यात माशीचा आवाज येत होता. धोंडूशेठ तोंड उघडायचा, शेवट आला का बघायचा, परत मिटायचा.

मला पोट धरून हसायचं होतं. मी खांब धरला.

"हरकत!" चिंतामणी काका उभे राहिले. हातात पिशवी, पिशवीत पुस्तक. "अध्यक्ष महोदय, कायद्याचा मुद्दा. ही भाषा परदेशी आहे. ग्रामसभेत तिला मनाई आहे."

धोंडूशेठला जीव आला. "करेक्ट! एकदम करेक्ट! आज महाराष्ट्र दिन, आणि ही बाय कुठली लँग्वेज बोलते? ह्या सभेत फॉरेन लँग्वेज अलाऊड नाय. दॅट इज फायनल!"

"शेठ," मी बसल्या जागेवरनं बोललो, "आत्ता तुम्ही बोललात ती भाषा कुठली? आपल्या तालुक्यातली का?"

सभा फुटली. बाया पदरात तोंड घालून हसल्या. धोंडूशेठ लाल झाला. "मोऱ्या, इंग्लिश वेगळी! इंग्लिश सगळ्यांना येते!"

"मला नाय येत," साळूबाई मागनं बोलली. "तरी तुला पाच वर्षं ऐकतेय ना?"

अनुपमा मॅडमनी टेबलावर पेन वाजवलं. पोरगीच होती, तिशीच्या आतली, पण पेन असं वाजवलं की सगळे गप.

"काका, कुठला कायदा म्हणालात?"

काकांनी पुस्तक काढलं. खुणेसाठी एसटीचं तिकीट घातलेलं. "राजभाषा अधिनियम, मॅडम. शासकीय कामकाजाची भाषा मराठी."

"बरोबर. कामकाजाची. म्हणजे नोटीस मराठीत, ठराव मराठीत, हे प्रोसिडिंग मराठीत. यात नागरिकानं कुठल्या भाषेत बोलू नये, असं कुठे लिहिलंय?"

काकांनी पान उलटलं. मागचं बघितलं. पुढचं बघितलं. चष्मा काढून पुसला, परत बघितलं. अख्खी सभा त्या पानाकडं बघत होती, जसं काय त्यातनं ससा निघणार हाय.

"असं... थेट... नाही लिहिलेलं," काका बोलले. खोटं बोलणं त्यांना जमत नाय, हा त्यांचा मोठा दोष.

"घटनेतलं कलम एकोणीस माहीत आहे तुम्हाला?"

"भाषणस्वातंत्र्य," काका पुटपुटले.

"त्यात भाषेचं नाव आहे?"

"नाही."

"मग झालं. कागद सरकारी आहे, तो मराठीत राहील. या बाईंचं तोंड सरकारी नाही. त्यांनी अरबीत बोलावं, जपानीत बोलावं. कायद्यानं त्यांना कोणी बसवू शकत नाही. अर्थ कळला नाही तर विचारायचं. सभेचं काम ऐकून घेण्याचं आहे."

मी शीळ घातली. सभेत शीळ घालायला कुठल्या कलमानं मनाई हाय ते काकांना विचारायचं होतं, पण त्यांचा चेहरा बघून म्हटलं नको, हंडा उचलतानाच विचारू. मी मनातल्या मनात त्यांच्या टकलावर चुंबळ पण ठेवून बघितली. झकास बसत होती.

"भाऊसाहेब," मॅडम बोलल्या, "या बाई काय काय बोलल्या त्याची नोंद घ्यायचीय. पुस्तक उघडा."

भाऊसाहेबांनी पुस्तकावर दोन्ही हात ठेवले. "मॅडम, मी रफमध्ये घेतो. नंतर फेअर करतो."

"पुस्तकातच घ्या."

"मॅडम, पेन नीट चालत नाही..."

मॅडमनी पुस्तक ओढून घेतलं, उघडलं, आणि वाचायला लागल्या. वाचता वाचता भुवया वर गेल्या.

"आज तारीख एक मे. वेळ सकाळी अकरा. उपस्थिती एकशे त्रेचाळीस." त्यांनी मान वर करून आम्हाला मोजलं. "'पाणीपुरवठ्याबाबत ग्रामस्थांनी समाधान व्यक्त केले. वरच्या वाडीबाबत कोणतीही मागणी आली नाही. श्री. मोरू यांनी आभार मानले व चहापानानंतर सभा संपली.' भाऊसाहेब, आत्ता किती वाजले?"

"अकरा वीस, मॅडम."

"चहा झाला?"

"उकळतोय, मॅडम."

आभार मी मानणार होतो हे मला तिथं कळलं. आधी कळवलं असतं तर चांगला शर्ट घातला असता.

आता तुम्ही म्हणाल भाऊसाहेब लबाड. तसं नाय. माणूस गरीब. त्यांच्याकडं पाच गावं, सगळ्या गावांची ग्रामसभा एकाच दिवशी. पाच जागी एका वेळी कसं लिहिणार? म्हणून ते आदल्या दिवशी घरी पंख्याखाली बसून पाची गावांच्या सभा लिहून काढायचे. आणि लिहायच्याच तर मग भांडणाच्या कशाला लिहा, समाधानाच्याच लिहिल्या. वर्षानुवर्षं आमचं गाव त्या पुस्तकात इतकं सुखी होतं की तिथंच राहायला जावंसं वाटेल.

मॅडमनी त्या पानावर आडवी रेघ मारली, सही केली, नवं पान काढलं आणि पुस्तक भाऊसाहेबांसमोर सरकवलं.

"बोला बाई. तुमच्या भाषेत बोला, हव्या त्या. तुम्हाला कोणी थांबवणार नाही."

वयनीनं मॅडमकडं बघितलं. मग उघड्या पेनाकडं. मग माझ्याकडं. मी अंगठा वर केला. दोन मिनिटं अजून, मग काका नि हंडा.

"लिहा भाऊसाहेब," वयनी बोलली. "मी मंजुळा सोमा. वरच्या वाडीत राहते."

मराठीत!

"वयनी!" मी जवळजवळ उठलोच. "अरबी, गो वयनी, अरबी!"

वयनी वळली. अख्खी सभा माझ्याकडं वळली.

"मोरूभाऊ, आत्ता मॅडम काय बोलल्या? बोलायचा हक्क कुणाचा?"

"तुमचा."

"मग कुठल्या भाषेत बोलायचं ते तुम्ही कोण सांगणारे? मघाशी सरपंच सांगत होते, आता तुम्ही?"

"पण आधी छान चाललं होतं ना!"

"काय छान?" वयनी बोलली. "मी कुवेतला पोरं सांभाळत होते. मला अरबी येते ती तेवढीच. चल ऊठ, हात धू, दूध पी, सगळं संपव, किंचाळू नको. तेच बोलले सरपंचांना. भाऊसाहेबांना विचारलं, शू केली का. ते हो बोलले. आता नळाची पाइपलाइन अरबीत कशी सांगू? ते अरबीत मला येत नाय. आणि माझं गाऱ्हाणं पुस्तकात जायचंय, तुमची पैज नाय."

भाऊसाहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, पण मला बघायला वेळ नव्हता. मी बाजूला बघितलं. चिंतामणी काका पिशवीत पुस्तक ठेवत होते. हळूहळू, खुणेचं तिकीट न हलवता. आणि हसत होते. मी सतरा वर्षं त्यांचा शेजारी हाय, त्यांचे वरचे दात मी पहिल्यांदा बघितले.

कायदा माझ्या बाजूनं लागला आणि पैज त्यांच्या बाजूनं. असा निकाल महाडच्या कोर्टात पण कधी लागला नसेल.

वयनी सांगत गेली. एक वाक्य बोलायची, पेन थांबेपर्यंत थांबायची, मग बोलायची, "वाचा." भाऊसाहेब वाचायचे. मग पुढचं. एकवीस घरं. बाया दिवसाला सहा-सात खेपा. साळूबाईचं मनगट, ते तर तिनं साळूबाईला हात वर करायला लावून दाखवलं. कुणी मधी बोललं नाय. मराठीत बोलत होती तरी. एकदा गप्प बसायची सवय लागली की माणूस लगेच मोडत नाय बहुतेक.

शेवटाला धोंडूशेठच बोलला. "मॅडम, बाकी सगळं ओके. पण डिस्टन्स एवढा काय नाय. देवळापासनं शंभर-दीडशे पावलं. ह्यासाठी पाइपलाइन म्हणजे एक्स्ट्रा."

"सहाशेच्या वर हायत," वयनी बोलली.

"शक्यच नाय."

"मोजलीत कवा?"

"तू मोजलीस?"

"रोज मोजते. दुसरं काय करणार चढताना?"

मॅडमनी कपाळाला हात लावला. "अंदाज लिहायचा नाही. मोजायला टेप आहे ग्रामपंचायतीत?"

टेप होता. तो धोंडूशेठच्या भावाच्या घराच्या चौथऱ्यावर होता, दोन महिन्यांपासनं.

तेव्हा चिंतामणी काकांनी घसा साफ केला. कोर्टात साहेब आत यायच्या आधी करत असतील तसा.

"मॅडम, एक विनंती. हे श्रीयुत मोरू आत्ता या सभेनंतर देवळाच्या नळावरून भरलेला हंडा डोक्यावर घेऊन मंजुळाबाईंच्या दारापर्यंत जाणार आहेत. पैज हरल्यामुळे. आपण सगळ्यांनी मागोमाग जावं आणि पावलं मोजावीत. पंचनामाच होईल."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. "खरं का?"

खोटं बोलावंसं वाटलं. पण रखमा पुढं येऊन बसली होती.

"चार पावलांचं काम हाय, मॅडम," ती बोलली. "हे स्वतःच बोललेत."

*

तर एक मे दोन हजार तीन, दुपारचे बारा, ऊन डोक्यावर, आणि डोक्याच्या नि उन्हाच्या मधी पितळेचा हंडा.

हंडा साळूबाईचा. तिनंच काढून दिला, खास, जड बघून. नळाला पाणी करंगळीएवढं, त्यामुळं भरायलाच पाव तास गेला, आणि तेवढ्यात गाव जमलं. सभेला पस्तीस होते, इथं खरंच एकशे त्रेचाळीस झाले असतील. भाऊसाहेबांचा आकडा पहिल्यांदा बरोबर आला. रखमानं जुन्या लुगड्याची चुंबळ वळून माझ्या डोक्यावर ठेवली, दोन बायांनी हंडा चढवला, आणि माझी मान खांद्यात गेली ती अजून पूर्ण वर आलेली नाय.

"चला!" काका बोलले. "एक! दोन! तीन!"

माझ्या मागं काका, त्यांच्या मागं पुस्तक उघडं धरून भाऊसाहेब, मग मॅडम छत्री घेऊन, मग धोंडूशेठ, मग वाडीच्या बाया, मग गाव. वरात म्हणावी तर नवरदेव रडकुंडीला आलेला.

पहिली चाळीस पावलं मी हात हलवत गेलो. साठीला एक हात हंड्याला लागला. नव्वदीला दुसरा. शंभराला पहिलं पाणी मानेतनं पाठीत गेलं.

"शंभर!" काका ओरडले. "सरपंच, वाडी दिसते का?"

वाडीचा पहिला माड पण दिसत नव्हता.

"मान ताठ ठेवा मोरूभाऊ," मागनं कुणीतरी बोलली. "गाडी चालवताना कशी ठेवता, आरशात बायांची सीट बघताना!"

"कंबर हलवू नका ओ, पाणी हलतं!"

"हलू दे गो, आम्हाला कवा बघायला मिळणार?"

दोनशे चौदाला मी थांबलो. काका पण थांबले. "विश्रांतीची पावलं मोजत नाही," त्यांनी भाऊसाहेबांना सांगितलं. "कंसात लिहा, विश्रांती एक."

"मॅडम, ऑब्जेक्शन!" धोंडूशेठ बोलला. त्याला कोर्ट चढलं होतं. "ह्याची पावलं बघा, आखूड पडतायत! मुद्दाम! नॉर्मल माणसाची एवढी नाय होणार!"

"मग आमची काय लांब पडतात?" वयनीनं विचारलं.

मॅडम छत्रीखालनं बोलल्या, "डोक्यावर हंडा असताना जेवढी पडतात तेवढीच धरायची. पाणी तसंच नेतात ना?"

धोंडूशेठनं रुमालानं मान पुसली. तो पण धापा टाकत होता, रिकाम्या डोक्यानं. पुढं कातळ लागतो, तिथं पाय ठेवायला बोटभर जागा. तिथंच साळूबाई घसरलेली. मी मस्करी थांबवली. खरं सांगतो, तिथं मी हंडा दोन्ही हातांनी धरला, डोळे खाली ठेवले आणि मुकाट्यानं एकेक पाऊल टाकलं, आणि मागं हसणाऱ्या बाया पण त्या दहा-बारा पावलांपुरत्या हसायच्या थांबल्या. साळूबाईच फक्त बोलली, "डावा पाय आधी. डावा." ती खालीच थांबली असेल असं मला वाटलं होतं. ती माझ्या बरोबरीनं आलेली.

"सहाशे अडतीस!" काकांचा आवाज बसला होता. "दार!"

मी मंजुळावयनीच्या दारात हंडा उतरवला. म्हणजे बायांनी उतरवला, मी त्याच्याबरोबर खाली बसलो. भाऊसाहेबांनी उभ्या उभ्या लिहिलं, वयनीनं "वाचा" म्हटलं, त्यांनी वाचलं. "देवळाच्या नळापासून वरची वाडी सहाशे अडतीस पावले, सर्व चढ. वाडीपर्यंत पाइपलाइन वाढवून आराखड्यात घ्यावी, असा ठराव."

"सूचक?" मॅडमनी विचारलं.

"मी," चिंतामणी काका बोलले.

"अनुमोदक?"

बसल्या बसल्या मी हात वर केला. दुसरं काय पण वर होत नव्हतं.

धोंडूशेठनं सही केली. मराठीत केली. मॅडमनी त्याखाली केली, पुस्तक मिटलं आणि ते भाऊसाहेबांना न देता स्वतःच्या पिशवीत टाकलं. "हे मी पोलादपूरला घेऊन जाते," त्या बोलल्या. भाऊसाहेबांच्या इतर चार गावांचं काय झालं ते मी विचारलं नाय.

वयनी हंड्यात वाकून बघत होती.

"मोरूभाऊ, हे काय? अर्धा?"

"बाकीचा माझ्या अंगावर हाय, वयनी. पिळून देऊ?"

"हंडा बोलले होते. हा हंडा हाय का काका?"

काकांनी वाकून बघितलं. चष्मा सारखा केला. मान हलवली, सावकाश, दुःखानं, एकतीस वर्षांच्या नोकरीला जागून.

"हा अर्धा हंडा आहे," ते बोलले.

"यल्ला, मोरूभाऊ," वयनी बोलली, "गूम!"

ही अरबी मला आता कळत होती. मी उठलो, चुंबळ उचलली, पाणी वयनीच्या पिंपात ओतलं, रिकामा हंडा काखेत मारला आणि गावासमोरनं खाली उतरायला लागलो. मागनं भाऊसाहेबांचा आवाज आला.

"मॅडम, ही उतरायची पावलं पण धरायची का?"